या आठवड्यात कितवं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



१९५२ सालच्या दोन तारखा आज तुमच्यासमोर ठेवतो. १४ नोव्हेंबरला लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकानं ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांची पहिली यादी छापली. पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी रेकॉर्ड विकणाऱ्या विसेक दुकानांना फोन लावले, या आठवड्यात काय खपलं ते विचारलं आणि उत्तरांची बेरीज करून बारा नंबर लावले. एवढंच. त्यानंतर बरोबर एकोणीस दिवसांनी, ३ डिसेंबरला, बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली.

लंडनच्या साप्ताहिकाला रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिराती हव्या होत्या. सिलोनच्या कार्यक्रमाला टूथपेस्ट खपवायची होती. म्हणजे गाण्याला नंबर लावायची ही चाल दोन्हीकडे दुकानदारीतूनच निघाली, हे आधी मान्य करून टाकू. पण दुकानदारानं लावलेल्या झाडाखाली गाव जमतं, तसं पुढं झालं.

गीतमाला सुरुवातीला अर्ध्या तासाची होती. सात गाणी वाजायची आणि त्यांचा क्रम ओळखणाऱ्याला शंभर रुपये बक्षीस. निवेदक अमीन सायानी तेव्हा विशीतला तरुण. आठवड्याला पंचवीस रुपये मिळणार आणि येतील ती पत्रंही त्यानंच तपासायची, म्हणून जुन्याजाणत्यांनी हे काम त्याच्याकडे ढकललं. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पुढं हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. तेव्हा शर्यतीचा खेळ बंद करून तासाभराची गाण्यांची उतरंड सुरू झाली. नंबर म्हणायचं नाही, 'पायदान' म्हणायचं. खालच्या पायरीपासून एकेक गाणं वर चढत जाणार, वरच्या पायरीला बिगुल वाजणार, आणि ठरावीक आठवडे टिकलेलं गाणं 'सरताज' होऊन मानानं निवृत्त होणार. शब्द बघा कसे आहेत! यादी कुठली, दरबारच तो.

सायानींच्या आई कुलसुमबेन या 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. त्या घरातल्या मुलाची बोली कुणा एकाची राहणं शक्यच नव्हतं. मी मुसलमान असून मराठीत कविता लिहितो याचं काहींना अजून नवल वाटतं. त्यांना मी हे 'रहबर'चं उदाहरण देतो.

आता हे सगळं सिलोनवर का? तर त्या वर्षी केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बा. वि. केसकर, आपले मराठी गृहस्थ. त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे कानावरचा अत्याचार वाटे. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि आख्खा देश शॉर्टवेव्हचा काटा फिरवून कोलंबोला गेला. आकाशवाणीला जाग यायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडला, त्या दिवशी विविध भारती सुरू झाली. आकाशवाणीवरूनच हे बोलतो आहे, तेव्हा जास्त चिमटे काढत नाही. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी केलेलं कामही मोठं आहे. पण या बाबतीत लोकांनी त्यांचं ऐकलं नाही, आणि बरं केलं.

आमचं मुरुड दापोली तालुक्यातलं, समुद्राला टेकलेलं. मुंबईपासून रस्त्यानं सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. गाणं मुंबईत तयार व्हायचं, सायानींचा आवाज मुंबईत टेपवर भरला जायचा, ती टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून निघालेली लहर समुद्रावरून आमच्या सुपारीच्या बागेत उतरायची. उतरायची तीही सरळ नाही. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा, येतो आणि मागं हटतो. नेमकं पायदानाचा आकडा सांगताना तो मागं हटायचा. मग गुरुवारी सकाळी हर्णैला मासळीच्या लिलावात लोक एकमेकांना विचारत, 'काल तिसऱ्यावर काय होतं रे?' एखादा सांगे, दुसरा त्याला खोडून काढी. सुरमईचा भाव राहायचा बाजूला.

माझ्या आधीच्या पिढीनं या यादीकडून पुष्कळ काही घेतलं. पहिल्या वार्षिक यादीत, १९५३ साली, सगळ्यात वर होतं 'अनारकली'तलं गाणं. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या राम चितळकरांचं. १९५७ साली 'प्यासा' आणि 'नया दौर' समोर असताना बाजी मारली 'जनम जनम के फेरे' या पौराणिक वळणाच्या चित्रपटानं. कवी म्हणून मला याचा राग यायला हवा. साहिर लुधियानवींची 'प्यासा'तली शायरी मी उशाशी ठेवून मोठा झालो. पण साहिरनं पुढं 'बरसात की रात', 'ताजमहल' आणि 'कभी कभी' अशी तीन वर्षं शिखर गाठलं. १९७५ साली, आणीबाणी आली त्या वर्षी, वार्षिक यादीत पहिलं आलं 'रोटी कपडा और मकान'मधलं महागाईचं गाणं. त्या वर्षी लोकांना जे उघड बोलता येत नव्हतं, त्यातलं थोडं त्यांनी पायदानावर नेऊन ठेवलं असावं, असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

या नंबरांवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न तेव्हाही होता. सायानींनी स्वतःच मुलाखतींतून सगळी ओढाताण सांगितली आहे. दुकानांतल्या खपावर जावं तर चालतं गाणं दुकानात संपलेलं असे, म्हणजे मागणी जास्त आणि विक्री शून्य. शिवाय कुणी पैसेवाला आपल्याच रेकॉर्डी उचलणार नाही याची खात्री काय? पत्रांवर जावं तर एकाच हस्ताक्षरातले गठ्ठे येत. म्हणून श्रोता संघांची कल्पना निघाली. गावोगावच्या दहा-वीस श्रोत्यांनी एकत्र बसायचं, आपली पसंती ठरवायची आणि संघाच्या नावानं कळवायची. दुकानांचे आकडे आणि संघांची पसंती यांची सांगड घालून क्रम लागे. झारखंडातलं झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव फर्माइशीच्या पत्रांमुळंच देशभर ठाऊक झालं. आमच्या भागातही असा एक संघ निघाला होता. त्यांच्याकडे रबरी शिक्का होता, एक लाकडी पेटी होती आणि भांडणं अपरंपार होती. किशोरवाले आणि रफीवाले एकाच बाकावर बसत नसत. त्या शिक्क्याचं आम्हा पोरांना तलाठ्याच्या शिक्क्यापेक्षा जास्त अप्रूप.

माझ्या घरात ही यादी शिरली ती मात्र वेगळ्या कामासाठी.

आमची सर्वांत थोरली आपा. तिचं लग्न १९७७ साली झालं. सासर गावातच. आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत जी रीत होती तीच इथंही झाली. लग्नानंतर काही महिन्यांत दुल्हेभाई कुवेतला नोकरीला गेले आणि दोन वर्षांतून एकदा यायला लागले. येताना त्यांनी एक टू-इन-वन आणला. त्याचा शॉर्टवेव्ह गावातल्या कुठल्याही सेटपेक्षा स्वच्छ लागे. आपा दर बुधवारी रात्री त्याच्याशेजारी वही घेऊन बसायची. एका बाजूला नंबर, मग चित्रपट, मग गाणारा, आणि शेवटच्या रकान्यात मागच्या आठवड्याचा नंबर. गाणं चढलं तर वर टोक केलेला बाण, उतरलं तर खाली. पट्टीनं आखलेलं पान, खाडाखोड नाही.

आणि ही यादी ती कुवेतच्या पत्रात उतरवून काढायची.

याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. दुल्हेभाईंचं पत्र आलं की ते घरात मोठ्यानं वाचलं जाई. सासूबाईंना अक्षर ओळख नव्हती, शेजारच्या दोन खालाही येऊन बसत. वाचायचं काम माझ्याकडे, चौथीतल्या पोराकडे. जाणारं पत्रही पाकिटात जाण्याआधी असंच सर्वांसमोर वाचलं जाई. अशा पत्रात नव्या नवरीनं लिहायचं तरी काय? सर्व खुशाल, पाऊस चांगला, आंब्याला मोहोर आला, पैसे पोचले. मग खाली ती यादी. ती वाचताना खाला कंटाळून उठून जात. दुल्हेभाईंचं उत्तर येई: 'चौथ्या नंबरवर अन्याय झाला आहे, ते पहिलं पाहिजे होतं.' सासूबाई विचारत, 'कसला नंबर?' आपा म्हणे, 'रेडिओचा.' चौथ्या नंबरचं गाणं काय म्हणतं, ते फक्त त्या दोघांना ठाऊक. पहिल्या पानावर जे लिहिता येत नव्हतं ते यादीतल्या एका ओळीकडे बोट दाखवून सांगता येत होतं. वाचणाऱ्या मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच वाचनाचं काम माझ्याकडे होतं.

पत्राला जायला पंधरा दिवस, उत्तर यायला पंधरा. त्यामुळं दुल्हेभाईंनी ज्या गाण्याची बाजू घेतली, ते उत्तर पोचेपर्यंत कधी शिखरावर असे, कधी यादीतून गेलेलं असे. आपा मात्र उत्तर आल्यावर वही उघडून महिन्यापूर्वीचं पान काढी आणि त्या पानावर भांडण पुढं चालू ठेवी. १९७९च्या वार्षिक यादीत 'डॉन'मधलं पानाचं गाणं पहिलं आलं, तेव्हा दोघंही नाराज होती. १९८०ला 'सरगम'वर एकमत झालं.

१९९०च्या २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. तिथं अडकलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून परत आणलं. त्यांत आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी घरं होती. दुल्हेभाई एका पिशवीनिशी आले. तेरा वर्षांची पत्रं खोलीतल्या ट्रंकेत राहिली. आपानं सांगितलेले सगळे नंबर तिकडं गेले. इकडच्या वह्या तेवढ्या उरल्या. गीतमाला तोवर सिबाका नाव घेऊन, १९८९ पासून विविध भारतीवर आली होती. आवाज आता मागं हटत नव्हता, नवराही घरी होता. आपानं वही लिहिणं थांबवलं.

यादीवर जीव टाकणारे लोक आपल्याकडेच आहेत असं समजू नका. २००९च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडात काय झालं ऐका. तिथं नाताळच्या आठवड्यात पहिल्या नंबरवर कोण, याला मोठा मान. सलग चार वर्षं तो मान 'एक्स फॅक्टर' या टीव्ही स्पर्धेच्या विजेत्यांकडे जात होता. एसेक्समधल्या एका जोडप्याला याचा वीट आला. त्यांनी इंटरनेटवरून लोकांना आवाहन केलं की अमेरिकेतल्या 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडचं १९९२ मधलं गाणं एकाच आठवड्यात सगळ्यांनी विकत घ्यायचं. सतरा वर्षांचं जुनं, कर्कश, शिव्यांनी भरलेलं गाणं! लोक रोज आकडे बघत होते. शेवटी रॉकवाल्यांची पाच लाखांवर विक्री झाली आणि स्पर्धेचा विजेता साडेचार लाखांवर राहिला. बँडनं पुढच्या जूनमध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात येऊन फुकट कार्यक्रम केला. यातली गंमत अशी की दोन्ही गाणी शेवटी सोनी या एकाच कंपनीच्या छत्राखालची. गल्ला तोच, फक्त ड्रॉवर वेगळा. तरीही त्या लाखो लोकांना आपण फसलो असं वाटलं नाही. नाताळचं गाणं टीव्ही कंपनीनं ठरवायचं की आपण, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो त्यांनी मांडला.

आता आमच्याकडचं २०२० साल. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. हर्णै, मुरुड, आंजर्ले, केळशी, सगळ्या बागा आडव्या. माडाचं, सुपारीचं झाड पुन्हा उभं व्हायला किती वर्षं लागतात हे बागायतदाराला विचारा. वीज कित्येक दिवस नव्हती, फोनही मुके. त्यात करोनाची टाळेबंदी. अशा ऑगस्टमध्ये आपाची नात, नववीतली, गच्चीच्या एका कोपऱ्यात फोन उंच धरून उभी राहायची. तिथंच रेंज यायची. कोरियातल्या सात मुलांचा 'बीटीएस' हा बँड, त्यांचं 'डायनामाइट' हे गाणं २१ ऑगस्टला, आपल्या घड्याळात सकाळी साडेनऊला आलं. शुक्रवार होता. जगभर नवी गाणी शुक्रवारी काढायची असं २०१५ पासून ठरलं आहे. आमच्या घरात जुम्याच्या सकाळची गडबड वेगळी असते, त्यात ही नवी भर पडली.

पहिल्या चोवीस तासांत ते गाणं यूट्यूबवर दहा कोटी अकरा लाख वेळा पाहिलं गेलं. नात हे आकडे वहीत लिहीत होती. तिनं मला नियम समजावले. एकच गाणं सलग लावायचं नाही, यंत्राला संशय येतो. मध्ये दुसरी दोन गाणी घालायची. आवाज बंद ठेवायचा नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय मोजणी होत नाही. तीस सेकंद! अख्खी गझल नाही, पण दोन शेर आरामात होतात. मुशायऱ्यात आम्हाला इतका वेळ मिळाला तरी पुरे.

मला या प्रकाराची एक बाजू पटत नाही, ती तिलाही सांगितली. आपा गाणं ऐकायची आणि मग नंबर लिहायची. इथं नंबरासाठी गाणं लावायचं. कपाटात दुसरा फोन ठेवून रात्रभर गाणं चालू ठेवणारी मुलं आहेत. ऐकणारा झोपलाय आणि गाणं कपाटातल्या कपड्यांना ऐकवलं जातंय. कंपनीला हे कष्ट फुकट मिळतात. गीतमालेच्या श्रोत्याला निदान आठवडाभर सुट्टी होती. बुधवार ते बुधवार तो मासे विकायला, शाळा शिकवायला मोकळा होता. आता आकडा तासातासाला हलतो आणि मूल त्याच्या मागं हलतं. तिची चाचणी परीक्षा ऑनलाइन होती त्या दिवशीही तिचं एक बोट त्या आकड्यावर होतं. तिच्या आईनं फोन काढून घेतला, ते योग्यच केलं असं मी म्हणेन.

पण थट्टा करणाऱ्यांच्या बाजूला मी जाणार नाही. ५ सप्टेंबर २०२० तारखेच्या अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड हॉट हंड्रेड' यादीत ते गाणं पहिलं आलं. कोरियन कलाकारांना असा मान प्रथमच मिळाला. घरात उड्या पडल्या. तेव्हा मी तिला म्हटलं, 'अगं, ही यादी अमेरिकेतल्या ऐकण्यावर आणि विक्रीवर लागते. गच्चीवरून तू जे वाजवलंस ते त्यात धरलंच नसणार.' माझी समजूत होती की तिला हे ठाऊक नसेल. ती म्हणाली, 'माहितीये मामू. आमच्या ग्रुपवर सगळ्यांना माहितीये.' त्या ग्रुपवर नागपूरची एक, कोल्हापूरची एक, इम्फाळची एक. वादळानंतर वीज आली का, हे तिला रोज विचारणाऱ्या त्याच होत्या.

मराठी गाण्याला अशी पायरी कधी मिळाली नाही. गीतमाला हिंदीची. मराठीसाठी मुंबई केंद्राची 'आपली आवड' होती, तिच्यात फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचत, गाण्याला नंबर देत नसत. आमच्या कवींनी हे सोवळेपण अभिमानानं मिरवलं. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' कोट्यवधी वेळा वाजलं, तेव्हा साहित्यिक मित्रांनी नाकं मुरडली. मला आनंद झाला. मोजत आहेत तर मराठीही मोजली जाऊ दे. कविता म्हणून ती ओळ कशी आहे, हा वेगळा विषय, आणि त्यावर माझं मत मी मित्रांनाच सांगेन.

अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन. त्या संध्याकाळी टीव्हीवर त्यांचा आवाज लावत होते. दुल्हेभाई आता नाहीत. आपानं माळ्यावरून वह्या उतरवून घेतल्या. कडांना वाळवी लागलेली, आकडे शाबूत. नात मुंबईहून सुट्टीला आली होती, तिनंही फोनमध्ये फोटो काढून ठेवलेली आपली २०२०ची वही दाखवली. आपानं चष्मा लावून ती पानं पुढंमागं सरकवली. तिला बँडचं नाव उच्चारता आलं नाही, गाण्याचंही नाही. तिनं एकच चूक काढली: 'मागच्या आठवड्याचा रकाना कुठाय? हे वर चाललंय की खाली, कळणार कसं?'